बादली उन्हात होती

बिशपच्या मते पायता हे गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटर उंचीवर, डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. तिथे मासेमारी होत नव्हती, कारण तिथे समुद्रच नव्हता.

बिशप म्हणजे लिमातल्या एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहणारा संगणक, आणि त्याच्या पोटातलं ते प्रारूप, जे साऱ्या पृथ्वीच्या हवापाण्याची नक्कल करून पुढच्या सहा महिन्यांत काय होईल ते सांगतं. नाव त्याला चालवणाऱ्या नेलिदा पुरिसाकानेच ठेवलं होतं. तो कायम थंड खोलीत बसे, त्याच्यासमोर गेलं की माणसं आपोआप हळू बोलत, महिन्यातून एकदा तो निवाडा देई, आणि निवाडा चुकला तर दोष भक्तांचा ठरे. जगाचे तो चौकोन पाडी, एकेक चौकोन शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. एखाद्या चौकोनात निम्मा समुद्र आणि निम्मे डोंगर आले, तर दोहोंची सरासरी काढून मोकळा होई. या सरासरीत पायता डोंगरावर गेलं. नेलिदा स्वतः पायताची. आपल्या गावाची अशी बढती झालेली तिने तीस वर्षं निमूटपणे पाहिली होती.

बिशपच्या इतर खोडीही तिला तोंडपाठ होत्या. जगभरची वर्तमानपत्रं ज्याला एल निनो म्हणतात, तो पायतात नुसता ‘बाळ’ असतो. नाव त्यांच्याच कोळ्यांनी ठेवलेलं, नाताळच्या सुमाराला गरम पाणी येतं म्हणून बाळ येशूचं. हे बाळ कधी तीन वर्षांनी येतं, कधी सात, कधी येतो येतो म्हणून येतच नाही. बिशपकडे मात्र ते दर दोन वर्षांनी, कार्यालयाच्या रंगकामासारखं नेमाने येई. त्याचं भाकीत कुठे ओढायचं, कुठे सैल सोडायचं, हे नेलिदाच्या हातात होतं, आणि त्या हाताबद्दल कार्यालयात आदर होता. लग्न तिने केलं नव्हतं. विचारलं होतं दोघांनी, पण एकाला लिमा नको होतं आणि दुसऱ्याला पायता.

रोज सकाळी सात वाजता तिचा फोन वाजे. पलीकडे बाल्दोमेरो पान्ता. पायताच्या धक्क्याच्या टोकाशी उभं राहून समुद्राचं तापमान मोजणं ही त्याची एकतीस वर्षांची नोकरी. कॅनव्हासची बादली दोरीने खाली सोडायची. पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसरं वर ओढून शेडच्या सावलीत ठेवायचं, त्यात तापमापक बुडवून तीन मिनिटं थांबायचं. बाल्दोमेरोचा घड्याळावर विश्वास नव्हता. तो दहा ‘नमो मारिया’ म्हणे. नेलिदाने एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. दहा म्हणेपर्यंत तीन मिनिटं आणि चार सेकंद होत. चार सेकंद खोकल्याचे.

उपग्रह वरून समुद्र बघत असतो हे खरं, पण किनाऱ्याजवळ ढग आणि जमीन त्याला गोंधळात टाकतात. म्हणून पायतापुरता बिशप अजून बादलीवर विसंबून होता.

“एकवीस पॉइंट आठ,” बाल्दोमेरो म्हणे.

“सगळ्या दहा म्हटल्यात ना, कोम्पाद्रे? की सात-आठवरच उरकलं?”

“कोमाद्रे, प्रार्थनेत मी हात आखडत नाही. ते तुम्हा लिमाकरांचं काम.”

मुलीच्या बाप्तिस्म्याला जी धर्ममाता होते ती मुलीच्या बापाची कोमाद्रे, आणि तो तिचा कोम्पाद्रे. हे नातं मरेपर्यंत तुटत नाही, आणि मरेपर्यंत एकमेकांना अहो-जाहो करावं लागतं. नेलिदा बाल्दोमेरोच्या एल्सिराची धर्ममाता. फोन ठेवला की ती आकडा आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिही, आणि मगच संगणकात भरी. कॅलेंडर कोपऱ्यावरच्या भाजक्या कोंबडीच्या दुकानाकडून दरवर्षी फुकट मिळे. बिशपला कॅलेंडरची गरज नव्हती. नेलिदाला होती.

दोन वर्षांपूर्वी या कार्यालयाने मोठं बाळ येणार म्हणून जाहीर इशारा दिला होता. उत्तरेतल्या बाजारांत प्लास्टिकचं कापड मिळेनासं झालं. महापौराने अकरा वर्षांत पहिल्यांदा गटारं उपसली. आणि मग आभाळाने नुसता भुरभुर पाऊस पाडला, त्यात कपडेसुद्धा धड भिजले नाहीत. सेचुरात कुणीतरी आपल्या गाढवाला संचालकांचं नाव दिलं, अशी बातमी आली. तेव्हापासून कार्यालयाच्या पत्रकाची भाषा फार सभ्य झाली होती. त्यात आता काही नाकारलंही जात नसे आणि काही अपेक्षितही नसे.

अशा काळात, ऑक्टोबरात, एल्सिराचा फोन आला. वय चोवीस, नवरा बोटीवर, आणि जीभ बापाची. धर्ममातेला ती माद्रीना म्हणे.

“माद्रीना, जागा मिळतेय. ओढ्यात.”

कागदावर वस्तीचं नाव दुसरं होतं, पण सगळे तिला ओढाच म्हणत, कारण ती ओढ्याच्या कोरड्या पात्रातच होती. ओढा एकोणीस वर्षं कोरडा होता. त्यात जन्मलेली कुत्री म्हातारपणाने मेली होती.

“सपाट आहे, रस्ता जवळ,” एल्सिरा म्हणाली. “बर्फाच्या पेटीचं दुकान टाकते. अख्ख्या वस्तीत थंड बियर कुणाकडे नाही. बाबा म्हणतात, ओढ्याला विचार. मी म्हटलं, ओढ्याला कशाला, माद्रीनाला विचारते. तुम्ही बोला. रेडिओचं मी ऐकत नाही.”

नेलिदाने बिशपला विचारलं. तो म्हणाला, येता उन्हाळा साधाच. तिने त्याच्या खोडी वजा केल्या, तरी उत्तर साधाच आलं.

“बांध,” ती म्हणाली.

एल्सिराने बांधलं. बांबू, चिखल, वर पत्रा, आणि दारावर निळ्या रंगाने लिहिलेलं: थंड आहे.

जानेवारी, म्हणजे तिकडचा उन्हाळा, लागला आणि फोनवरचे आकडे चढू लागले. तेवीस पॉइंट नऊ. पंचवीस पॉइंट एक.

“बांगडा गेला, कोमाद्रे,” बाल्दोमेरो म्हणाला. “काल पेरिको धक्क्याखाली फिरत होता. तो मासा बघायला आम्ही एरवी दीड दिवस आत जातो. आता तोच आमच्या भेटीला यायला लागलाय.”

“मधला महासागर थंड आहे, कोम्पाद्रे. बाळ तिकडून येतं. तिकडे काही नाही.”

“मी तिकडे राहत नाही. मी इथे राहतो. सव्वीस पॉइंट सात.”

“किती?”

“सव्वीस पॉइंट सात. आणि आज वाऱ्यालाही सुट्टी आहे.”

तिने आकडा कॅलेंडरवर लिहिला, संगणकात भरला आणि चहा करायला गेली. सव्वीस-सत्तावीसच्या वर पाणी गेलं की उत्तरेच्या त्या वाळवंटावर ढग उभे राहतात, हे पायतात कुणाला शिकवावं लागत नाही. चहा घेऊन ती परत आली तेव्हा पडद्यावर पायताच्या पाण्याची रेघ होती: आधी जरा चढून पुन्हा बावीसवर आलेली, आणि तिथून पुढे बाल्दोमेरोच्या स्वभावाइतकी सरळ.

तिने पडद्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कोंबडीकडे आणि कोंबडीखालच्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे पाहिलं. चहा तसाच राहिला.

आकडा बिशपच्या पोटात जातो तो एका जुन्या, छोट्या प्रोग्रामच्या चाळणीतून. अठरा वर्षांत ती चाळणी कुणी उघडली नव्हती, कारण ती चालत होती आणि चालत्या गोष्टीला सरकारी कार्यालयात कुणी हात लावत नाही. नेलिदाने उघडली. विसाव्या ओळीत लिहिलेलं होतं, की धक्क्यावरचा आकडा त्या महिन्याच्या सरासरीहून साडेतीन अंशांपेक्षा जास्त असला तर तो टाकून द्यावा आणि त्या जागी सरासरी घालावी. शेजारी, प्रोग्राम लिहिणारे स्वतःसाठी लिहून ठेवतात तशी टीप होती: ‘बादली उन्हात होती. बा.ला सांगू नये. ने.पु.’

ने.पु. खुर्चीत मागे टेकली.

तो दिवस तिला लख्ख आठवला. मोठं बाळ येऊन गेल्याच्या पुढच्या वर्षी एल्सिराचा बाप्तिस्मा झाला होता. पोर सहा वर्षांची झाली होती, कारण धर्ममातेला लिमाहून सुट्टी मिळायची होती. रविवार होता. बाल्दोमेरो मिशीला मेण लावून, अंगात कोट चढवून धक्क्यावर गेला, पाणी ओढलं, आणि तेवढ्यात चर्चच्या पायरीवरून नेलिदाने स्वतः हाक मारली होती: “कोम्पाद्रे, फोटो! फोटोवाला थांबत नाही!” तो बादली जिथे होती तिथे ठेवून पळाला. फोटो झाला, मग मक्याची चिचा पिऊन झाली, मग मेव्हण्यांचं भाषण झालं. दोन तासांनी परत येऊन त्याने तापमापक बुडवला, दहा नमो मारिया मनापासून म्हटल्या आणि लिमाला आकडा कळवला: एकोणतीस पॉइंट चार.

सोमवारी ती कार्यालयात पोचली तोवर बिशपने त्या आकड्यावरून इतकं भयंकर बाळ जन्माला घातलं होतं, की तेव्हाचे संचालक मंत्रालयाचा नंबर फिरवत होते. तिने फोन त्यांच्या हातून काढून घेतला. यंत्रातला दोष, म्हणाली. खरं सांगितलं असतं तर बाल्दोमेरोची नोकरी गेली असती, आणि बादली उन्हात ठेवायला लावणारी बाई शाबूत राहिली असती. म्हणून तिने ती ओळ लिहिली. पुन्हा कधी बादली उन्हात राहिली तर कुणाला कळू नये, एवढाच हेतू. अठरा वर्षांत समुद्र साडेतीन अंश चढला नाही, त्यामुळे ओळ झोपून राहिली. आता समुद्र खरोखर चढला होता, आणि ओळ जागी होऊन रोज सकाळी बाल्दोमेरोचा आकडा अदबीने कचऱ्यात टाकत होती.

माणसाच्या हातून वाईटपणाने झालेल्या चुका लवकर सापडतात. मायेने केलेल्या चुकांवर टीप असते, की सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिने सांगितलं. सगळं, फोटोवाल्यासकट.

“म्हणजे,” बाल्दोमेरो म्हणाला, “पाणी जोवर रोजच्यासारखं होतं तोवर मी खरा. आणि पाण्यात काही घडलं की मी खोटा.”

“तसं नाही हो, कोम्पाद्रे—”

“मला सांगायचं होतंत. मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि बादलीला झाकण केलं असतं. सत्तावीस पॉइंट दोन.”

फोन बंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने टोमणा न मारता फोन ठेवला होता.

तिने ओळ काढली, जानेवारीचे सगळे आकडे कॅलेंडरवरून पुन्हा भरले आणि बिशपला परत कामाला लावलं. एकदा नाही, चाळीस वेळा. दर वेळी सुरुवातीचा वारा केसभर इकडे-तिकडे करून. समुद्राचं भविष्य एका नकलेवरून सांगायचं नसतं, हे तिने स्वतः दोन पिढ्यांना शिकवलं होतं. दोन दिवस खोली घरघरत होती. पहिल्या काही नकलांत बिशपने किनाऱ्याचं गरम पाणी नम्रपणे स्वीकारलं आणि तीन आठवड्यांत गार करून टाकलं. त्याचा विश्वास मोठ्या महासागरावर होता. किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी त्याच्या एका चौकोनातही धड मावत नव्हती. पण बाराव्या नकलेत पाणी गरम राहिलं. सतराव्या नकलेतही. मग सरळ पाठोपाठ दोन. चाळीसपैकी अकरा नकलांमध्ये फेब्रुवारीत पायतावर पाऊस कोसळत होता, डोंगरावरच्या पायतावर का होईना.

संचालक डॉ. लिसार्रागा हे भले गृहस्थ होते. गाढवाची बातमी त्यांच्या पत्नीने त्यांना वाचून दाखवली होती.

“अकरा,” ते म्हणाले. “म्हणजे एकोणतीस नकला नाही म्हणतात.”

“हो, डॉक्टर. पण परवापर्यंत चाळीसच्या चाळीस नाही म्हणत होत्या, आणि त्या माझ्या चुकीमुळे. तेही पत्रकात लिहा.”

“इंजिनीयरबाई, आपण चूक होती असं लिहिलं तर लोक उरलेल्या भागावर तरी विश्वास ठेवतील का?”

“ठेवतीलही. आजवर कुणी करून पाहिलेलं नाही.”

पत्रक निघालं. नवव्या पानावर, तळटिपेत, अकरा नकलांचा उल्लेख आला. चुकीचा आला नाही. नववं पान वाचणारा माणूस पायतात नव्हता. नेलिदाने एल्सिराला फोन लावला.

“सामान बांध आणि वर जा. टेकडीवर, तुझ्या आत्याच्या अंगणात.”

“ऑक्टोबरात तुम्हीच बांध म्हणालात.”

“तेव्हा चुकले.”

माद्रीना चुकलेली एल्सिराने याआधी ऐकली नव्हती. “बिशप म्हणतोय का जा म्हणून?”

“चाळीस वेळा विचारलं. अकरा वेळा पाऊस म्हणाला.”

“चाळीसात अकरा? माद्रीना, एवढ्या गुणांवर शाळेत मला घरी पाठवायचे.”

“अगं, चाळीस फेऱ्यांत अकरा वेळा बुडते अशा बोटीवर नवऱ्याला पाठवशील?”

पलीकडून फक्त खोका ओढल्याचा आवाज आला. मग एल्सिरा म्हणाली, “पेटी जड आहे. गाढव बघते.”

बर्फाची पेटी, पत्रे आणि ‘थंड आहे’चं दार असं सगळं टेकडीवर गेलं. ओढ्यातल्या लोकांना गंमत मिळाली. आकाश निळंशार, उन्हाने वाळू तापलेली, आणि बाल्दोमेरोची पोर लिमातल्या यंत्राला भिऊन आत्याच्या अंगणात दुकान मांडून बसलेली. तिने घरोघर जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी सेचुरातल्या गाढवाची आठवण करून दिली होती. पण दुपारी ऊन असह्य झालं की वस्तीतले बाप्ये धापा टाकत टेकडी चढत, कारण थंड बियर दुसरीकडे नव्हती, आणि चढून आल्यावर दम खात तिची टर उडवत. बायकाही पोरांना घेऊन बर्फाचे गोळे आणायला येऊ लागल्या. रोज एल्सिरा लिमाला फोन करी.

“माद्रीना, सहावा दिवस. एक थेंब नाही. दोन पिंप बियर संपली, एवढं मात्र खरं.”

दहाव्या दिवशी: “आज त्यांनी माझ्यासाठी छत्री आणली. वर्गणी काढून.”

चौदाव्या दिवशी ती रडली. “मी खाली जाऊ का? तुम्ही सांगा. खरं सांगा.”

नेलिदाने त्या सकाळी बिशपला पुन्हा चाळीस वेळा विचारलं होतं. या वेळी तो सोळा वेळा पाऊस म्हणाला होता. सोळा म्हणजे अजूनही निम्मे नव्हेत. आपण एका पोरीचं घर एकदा चुकीच्या जागी बांधायला लावलं, आता कदाचित चुकीच्याच कारणाने मोडायला लावलं, हे तिला दिवसभर टोचत राही. अशा वेळी एरवी ती बाल्दोमेरोला चार शब्द जास्त बोलायला लावी. पण तो आता फक्त आकडा सांगून फोन ठेवत होता.

“बाबांचा आजचा आकडा किती?” तिने एल्सिरालाच विचारलं.

“अठ्ठावीस पॉइंट एक. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा बादलीने हात पोळला.”

“मग खाली जाऊ नकोस.”

सतराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, डोंगरांकडून एक काळा ढग आला आणि पायतावर येऊन असा बसला, की जणू त्याला इथेच नोकरी लागली होती. बाप्ये एल्सिराच्या अंगणात होते. एक जण उभा राहून, छत्री उघडून, आपला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव बिशपला ऐकवत होता. पहिले थेंब पडले तेव्हा टाळ्या पडल्या. वीस मिनिटांनी टाळ्या थांबल्या. खाली ओढ्यात अगोदर नुसता आवाज आला, दगड दगडांवर घासल्याचा. मग तपकिरी पाणी वळणावरून आलं, उंबऱ्याएवढं, आणि पुढच्या क्षणी खिडकीएवढं. जे खाली होते ते ओरडा ऐकून टेकडीवर पळत सुटले. अंगणातले बाप्ये धावत उतरले आणि म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन परत चढले. दोन गाढवं आणि एकोणीस घरं गेली. माणूस एकही गेला नाही, कारण वस्तीतली निम्मी माणसं त्या वेळी एल्सिराला हसायला टेकडीवर आलेली होती. छत्रीवाल्याने छत्री मिटून एल्सिराच्या काउंटरवर ठेवली. ती तिने अजून परत दिलेली नाही.

तिची जागा, चिखलाच्या भिंतींसकट, समुद्रात गेली. म्हणजे बिशपच्या हिशेबाने डोंगरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. नेलिदा पेन्सिल हातात घेऊन कोंबडीसमोर उभी होती. सात वाजून चार मिनिटं झाली. पाच झाली. मग फोन वाजला. पावसाच्या आवाजातून बाल्दोमेरोचा आवाज आला.

“सत्तावीस पॉइंट नऊ. उशीर झाला. धक्क्यावर जायला रस्ता नव्हता, पोहत आलो म्हटलं तरी चालेल.”

“बादली सावलीत होती ना, कोम्पाद्रे?”

विचारून झाल्यावर तिने जीभ चावली. पण पलीकडे बाल्दोमेरो हसला. तीन आठवड्यांचं साठलेलं हसू होतं, त्यामुळे खोकलाही जास्त आला.

“ऊन कुठाय कोमाद्रे, इथे आभाळच उरलेलं नाही. आणि आज अकरा म्हटल्या.”

“अकरा? मग आकड्यात फरक पडेल.”

“अकरावी तापमापक काढून झाल्यावर म्हटली. तुमच्या बिशपसाठी. बिचारा डोंगरावर राहतो, त्याला काय कळणार समुद्राचं.”

तिने आकडा लिहिला. मग संगणकात भरला. तो मुकाट्याने आत गेला.